शिरेतून त्वचेखाली

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे जे दोन भाग पाडले आहेत, त्यांना येथील माणूस ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ एवढ्याच दोन शब्दांनी ओळखतो. आणि पिकापाण्यापासून सोयरिकीपर्यंत ज्याचा ज्याचा विचार येथे करावयाचा असतो, त्या प्रत्येकात हा भेद आपोआप येऊन उभा राहतो. हिमोफिलिया या दुर्मिळ आनुवंशिक रक्तविकारावरील औषधाचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा तोच भेद तेथेही आढळला. जे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे असे वेष्टनावर छापलेले असते, ते मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांत पोहोचते, तेव्हा मे महिन्यात बाहेर पारा ४४ अंशांच्या आसपास असतो. आणि त्या उन्हातून एस.टी.त मांडीवर थर्मास घेऊन बसलेल्या आईच्या दक्षतेवरच त्या औषधाचे औषधपण टिकून राहते. या काळात औषध अनेकदा पालटले, अधिक शुद्ध झाले, अधिक सुलभ झाले. पण प्रत्येक पालटाने सुरक्षिततेचा काही वाटा वैद्याच्या हातून काढून घराच्या हवाली केला, हीच गोष्ट मला या सर्व इतिहासात सर्वांत विचारणीय वाटते.

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. रक्त गोठण्यास जी प्रथिने एकापाठोपाठ एक कार्यप्रवृत्त व्हावी लागतात, त्यांतील आठवे कमी असले तर ‘ए’ प्रकार आणि नववे कमी असले तर ‘बी’ प्रकार. दोष मातेच्या एक्स गुणसूत्रातून पुत्राकडे येतो, परंतु सुमारे एक तृतीयांश घरांत पूर्वी कोणालाही हा विकार नसतो आणि दोष नव्यानेच उत्पन्न झालेला असतो. म्हणून सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्याची जी रीत आहे ती क्रूर तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही अनेकदा निराधार ठरते. १ लाख पुरुषांमागे ‘ए’ प्रकारचे सुमारे १७ रुग्ण असावेत असा जागतिक अदमास आहे. २०११ च्या खानेसुमारीत या जिल्ह्यातील पुरुषांची संख्या १३ लाखांवर होती; त्या हिशेबाने जिल्ह्यात दोनशेहून अधिक रुग्ण असले पाहिजेत. तेरा तालुक्यांत विखुरलेली ही दोनशे घरे एकमेकांना सहसा ठाऊक नसतात, आणि गावच्या डॉक्टराला आयुष्यभरात असा एखादाच रुग्ण भेटतो. दुर्मिळ रोगाचे खरे संकट हे आहे.

१९७० च्या दशकात माझ्या मावसबहिणीच्या मुलाला नांदुरा तालुक्यातील एका दवाखान्यात तापासाठी कमरेवर इंजेक्शन दिले गेले. ताप उतरला, परंतु दुसऱ्या दिवशी कमरेपासून मांडीपर्यंतचा भाग काळानिळा होऊन दगडासारखा घट्ट झाला, आणि पुढले कित्येक दिवस तो मुलगा कुशीवर वळू शकला नाही. स्नायूत सुई टोचणे हे या रोगात स्वतःच एक दुखापत आहे, हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हते. निदानच झालेले नव्हते. निदानासाठी मलकापूरला आगगाडी धरून मुंबई गाठावी लागली. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी रक्तविज्ञानाची संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली, तिने पुढे पश्चिम भारतातील अशा असंख्य कुटुंबांना त्यांच्या रोगाचे नेमके नाव दिले. नाव मिळाले, तरी औषध मात्र त्या काळी जवळपास नव्हतेच. सांध्यात रक्त उतरले की बर्फ, विश्रांती आणि प्रतीक्षा. गुडघा वारंवार भरून अखेर वाकडा व्हावयाचा, आणि मुलगा शाळेतून निघावयाचा.

तिकडे जगात एक मोठा पालट झालेला होता. १९६४ मध्ये जुडिथ पूल या अमेरिकन संशोधिकेला असे आढळले की गोठविलेले रक्तद्रव थंडीतच सावकाश वितळू दिले, तर तळाशी जो साका राहतो त्यात आठवा घटक विपुल असतो. हाच तो ‘क्रायो’. साध्या रक्तपेढीत तो करता येई, म्हणून गरीब देशांना तो वरदान ठरला; परंतु एकेका रुग्णाला अनेक दात्यांच्या पिशव्या लागत, आणि क्रायोतील विषाणू उष्णतेने मारण्याची सोय नव्हती. १९८० च्या दशकात याचे भयंकर परिणाम दिसले. रक्तद्रवापासून केलेल्या औषधांतून एच.आय.व्ही. आणि यकृतदाहाचे विषाणू जगभर हजारो रुग्णांच्या शिरांत गेले; ज्या औषधाने रक्तस्राव थांबवावयाचा, त्यानेच एक पिढी कापून नेली. आपल्याकडे रक्ताची सक्तीची तपासणी त्या दशकाच्या अखेरीस आली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याचा व्यवसाय बंद झाला. याच काळात, १९८३ मध्ये, स्वतः हिमोफिलियाग्रस्त असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशनची स्थापना केली. या संघटनेच्या खटपटीने शुद्ध केलेल्या घटकाच्या, म्हणजे ‘फॅक्टर’च्या, कुप्या सवलतीच्या दराने कुटुंबांपर्यंत पोहोचू लागल्या, आणि प्रत्येक कुपीचा बॅच क्रमांक तारखेसह वहीत उतरवून ठेवण्याची शिस्तही रुजली. कोणती कुपी कोणाच्या शिरेत गेली याचा दाखला राहिला असता, तर त्या दुर्दैवी दशकात पुष्कळ गोष्टी लवकर उमगल्या असत्या.

यानंतरचा जो काळ, त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण त्याच काळात औषध खऱ्या अर्थाने घरात आले. फॅक्टर म्हणजे कुपीतील पांढरी भुकटी आणि सोबतचे शुद्ध पाणी. दोन्ही फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावयाची, रबरी बूच स्पिरिटने पुसून कोरडे होऊ द्यावयाचे, पाणी कुपीच्या कडेने सोडावयाचे, आणि कुपी तळहातांत हलकेच फिरवून भुकटी विरघळवावयाची. कुपी जोराने हलवली की फेस येतो आणि प्रथिनाचे नुकसान होते. मग गाळणीच्या सुईने औषध ओढून बटरफ्लाय सुईने शिरेत सावकाश द्यावयाचे, आणि तयार केलेले औषध सुमारे तीन तासांच्या आत संपवावयाचे. मात्रेचा हिशेब आठव्या घटकासाठी असा की वजनाच्या दर किलोमागे १ युनिट दिले असता रक्तातील पातळी सुमारे २ टक्के वाढते. नवव्यासाठी ही वाढ जेमतेम १ टक्का. हा हिशेब चौथी इयत्ता शिकलेल्या मातांनी बोटांवर मोजून केलेला मी पाहिला आहे, आणि मुलाच्या मनगटावरची बारीक शीर पहिल्या टोचणीत धरण्याचे त्यांचे कौशल्य पाहून परिचारिका थक्क झालेल्याही पाहिल्या आहेत.

शीर सापडण्यापेक्षा अवघड होते ते औषध थंड राखणे. भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातील खेड्यांत दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. फ्रिज असूनही तो बंद पेटीसारखा उभा राही. शहाणी माणसे कुपी थर्मासमध्ये ठेवीत, पण बर्फाला लागून नव्हे. मध्ये कापडाची घडी घालीत, कारण गोठलेले औषध उन्हात तापलेल्या औषधाइतकेच निकामी होते. काही कुप्या ठराविक मुदतीपर्यंत २५ किंवा ३० अंशांत चालतात. परंतु घाटाखालच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घराचे अंतरंग रात्रीसुद्धा त्या मर्यादेखाली येत नाही. बुलढाणा शहर डोंगरावर असल्यामुळे तेथील कुटुंबांना जो दिलासा आहे, तो खामगाव-मलकापूरकडील कुटुंबांना नाही.

शासनाचा हात या कामी उशिरा, पण निश्चितपणे लागला. २०१२-१३ च्या सुमारास आरोग्य खात्याने राज्यात ठाणे, नाशिक, सातारा आणि अमरावती येथे हिमोफिलियाची उपचार केंद्रे उघडली आणि फॅक्टर विनामूल्य मिळू लागला. अमरावती हे आमच्या महसुली विभागाचे मुख्यालय; त्यामुळे कागदोपत्री ते जवळचे, परंतु बुलढाण्याहून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. रक्तस्राव सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत फॅक्टर द्यावा असे वैद्यक सांगते. आणि सिंदखेडराजा किंवा लोणारच्या पोराला एवढ्या अवधीत अमरावती दिसणेही शक्य नव्हते. म्हणून कुप्यांचा थोडा साठा घरी देण्याची तजवीज ही मला त्या केंद्रांच्या इमारतींपेक्षा मोलाची वाटते. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया हे एक दिव्यांगत्व म्हणून मान्य झाले, आणि २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही दुसरी घटना ज्यांनी आयुष्यभर परजिल्ह्याच्या फेऱ्या केल्या त्यांच्या दृष्टीने लहान नाही.

आता शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या पालटाकडे येतो. गंभीर ‘ए’ प्रकारात जवळजवळ तीस टक्के रुग्णांचे शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करते. त्यांनाच ‘इनहिबिटर’ म्हणतात, आणि ते निर्माण झाले की नेहमीची मात्रा व्यर्थ जाते. जपानमध्ये शोधले गेलेले एमिसिझुमॅब हे औषध आठव्या घटकाची जागा वेगळ्या रीतीने भरते: ते एका बाजूने नवव्या आणि दुसऱ्या बाजूने दहाव्या घटकाला धरून त्यांची गाठ घालून देते, म्हणून इनहिबिटर त्याला अडवू शकत नाहीत. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये इनहिबिटर असलेल्यांसाठी आणि २०१८ मध्ये इतरांसाठी मान्यता मिळाली. २०१९ पासून जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या दानयोजनेतून ते गरीब देशांनाही मिळू लागले. आणि ते शिरेत द्यावयाचे नसते. त्वचेखाली द्यावयाचे असते. पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोमागे ३ मिलिग्रॅम, आणि त्यानंतर आठवड्याला दीड, पंधरवड्याला ३ किंवा चार आठवड्यांनी ६ मिलिग्रॅम. ज्या मुलाच्या दोन्ही हातांच्या शिरा टोचून टोचून कडक झाल्या आहेत, त्याच्या घरी या एका गोष्टीने काय उजाडले असेल, ते शब्दांत मांडणे कठीण आहे.

तथापि सुलभता ही असावधपणाची जननी होऊ शकते, आणि येथेच मला अधिक काळजी वाटते. सुई पोटावर द्यावी, पण बेंबीपासून दोन इंच सोडून, किंवा मांडीवर; दंडावर द्यावयाची तर दुसऱ्याने द्यावी. जागा दर वेळी बदलावी. तीळ, वण, काळेनिळे किंवा लाल झालेली त्वचा टाळावी. टोचल्यावर चोळू नये. कुपी हलवू नये. निरनिराळ्या तीव्रतेच्या कुप्यांचे औषध एका सिरिंजमध्ये एकत्र करू नये. न उघडलेली कुपी फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या आत, सर्व मिळून सात दिवसच चालते. म्हणून वीज गेल्याचे तासही वहीत मांडले पाहिजेत. मात्रा चुकली तर आठवताच द्यावी, पण एकाच दिवशी दोन मात्रा देऊ नयेत.

याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. हे औषध रक्तस्राव होऊ नये म्हणून आहे. झालेला रक्तस्राव ते थांबवीत नाही. त्यासाठी फॅक्टर, किंवा इनहिबिटर असल्यास निराळे औषध, हाताशी लागतेच. आणि त्या निराळ्या औषधांपैकी ‘ए-पी-सी-सी’ नावाचे एक, एमिसिझुमॅब चालू असताना मोठ्या मात्रेने चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ दिले गेले, तर रक्त उलट नको तेथे गोठू लागते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजून मूत्रपिंडांवर आघात होतो. औषधाच्या चाचण्यांतच हे दिसून आले. शिवाय रक्त गोठण्याची जी ‘ए-पी-टी-टी’ ही नेहमीची तपासणी, ती या औषधामुळे रुग्णाचे रक्त निर्दोष असल्यासारखे उत्तर देते. खामगावच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलेला मुलगा रात्री दवाखान्यात आला, आणि तेथील तरुण डॉक्टरने तो अहवाल पाहून त्याला निश्चिंतपणे घरी पाठविले, तर दोष त्या डॉक्टरचा नसेल. औषध थांबविल्यावरही सुमारे सहा महिने त्याचा प्रभाव राहतो. म्हणून रोगाचा प्रकार, चालू औषध, शेवटच्या मात्रेची तारीख आणि उपचार केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड मुलाच्या खिशात, आणि त्याची एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकाकडे, असलीच पाहिजे. ॲस्पिरिन आणि तत्सम वेदनाशामके वर्ज्य, तापाला पॅरासिटामॉल, दात काढण्यापूर्वी केंद्राचा सल्ला, हेही त्याच कार्डावर यावे.

अन्यत्र गाडे पुढे चालले आहे. केरळ शासनाने २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील सर्व रुग्णांना एमिसिझुमॅब देण्याचे ठरविले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ए’ प्रकारच्या पाच रुग्णांवरील जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्या पाचांना उपचारानंतर रक्तस्राव झाला नाही. ही वार्ता ऐकून घाटाखालच्या आया आशेने विचारतात की ते आपल्याकडे कधी येईल. मला वाटते, त्याआधी येऊ शकणारी काही कामे पडून आहेत. फॅक्टरचा साठा केवळ जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता खामगाव, मलकापूर आणि मेहकर येथेही, अखंड वीज असलेल्या शीतकपाटात, रात्रपाळीच्या डॉक्टरला ठाऊक असेल अशा रीतीने ठेवावा. नव्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी एखाद्या आईला घरी सुई देताना पाहावे. आणि रुग्णाच्या बहिणी, मावशा यांची वाहक म्हणून तपासणी विवाहाच्या व प्रसूतीच्या आधी व्हावी. त्यांतील काहींचा स्वतःचाच आठवा घटक कमी असतो, पाळीत व बाळंतपणात त्यांचे रक्त फार जाते, आणि वाहकाचे बाळ मुलगा असेल तर प्रसूतीत चिमटा वा व्हॅक्यूम लावू नये, हे दाईपासून प्रसूतितज्ज्ञापर्यंत सर्वांना आधी कळलेले असावे लागते. मावसबहिणीच्या घरी आता तिच्या नातीची ही तपासणी झाली आहे, आणि तिचा अहवाल मुलाच्या जुन्या वहीतच, पुढल्या कोऱ्या पानावर उतरवून ठेवला आहे.