टाकी पुन्हा उभी करताना

गेल्या दिवाळीत घरी गेलो आणि उत्साहाच्या भरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी चकाचक केली. फिल्टरचा स्पंज, वाळू, दगड, सगळं नळाखाली खळखळून धुतलं. पाचव्या दिवशी दोन्ही क्लाउनफिश मेले. धाकटी बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चुकलं कुठे? मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो विषारी. स्पंज, वाळू आणि दगडांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मी घाण समजून तेच धुऊन टाकले; उरलेले क्लोरीनने मेले!

या वेळी घाई केली नाही. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ, तापमान २५-२६ अंश, आणि मासा एकही नाही. जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य. मी होस्टेलवर, म्हणून टेस्ट किट बहिणीकडे. रोज रात्री फोनवर आकडे. सहा आठवड्यांनी अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य! प्रवाळ ठेवायचा मोह झाला होता, पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला संरक्षण देतो. साधे दगडच बरे.

आता टाकीत पुन्हा दोन मासे आहेत. वर बहिणीने चिठ्ठी चिकटवलीय : 'स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळणे. दादाने हात लावू नये.'