फ्रंट रूममधला मोरोक्को

गेल्या वर्षी आमची लेक माराकेशला जाऊन आली आणि आल्या आल्या तिने फर्मान काढले, "आई, फ्रंट रूम मोरोक्कन करायची!" आमची फ्रंट रूम म्हणजे तुमच्याकडे असते तशीच: पाहुणे येईपर्यंत दार बंद आणि सोफ्यावर चादर. मी हो म्हटले.

पहिल्या खेपेला आम्ही फसलो. मासिकातले फोटो बघून जमिनीवर गाद्या टाकल्या, उशा रचल्या, रशोमहून जाळीचा पितळी दिवा आणला. खोली दिसायला झकास. सासूबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बसेन गं, पण मला उठवणार कोण?" आठवडाभर त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरच बसून होत्या. मला फार लागले ते.

मग नीट माहिती काढली, तेव्हा कळले की खरी मोरोक्कन बैठक जमिनीवर नसतेच. भिंतींना लागून लाकडी चौकटी असतात, त्यांना 'सेदारी' म्हणतात. त्यांवर लोकर भरलेल्या घट्ट गाद्या, पाठीला उशा आणि मधे बुटके टेबल. म्हणजे आपलेच गादी-लोड-तक्के, फक्त उंचावर. आम्ही सुताराकडून तीन भिंतींना चौकटी करून घेतल्या, गादीसकट अठरा इंच. गुडघ्यांना तेवढी उंची हवीच. बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच जागा सोडा, नाहीतर इथल्या ओलीने गादीला बुरशी धरते. फोम घेणार असाल तर १९८८ च्या आगीच्या नियमांत बसणाराच घ्या, लेबल बघून.

भिंतींचे म्हणाल, तर तिकडे खालच्या भागात 'झेलीज' असते, म्हणजे हाताने तासलेल्या रंगीत फरशांच्या तुकड्यांची नक्षी, आणि वर कोरीव गिलावा. आपल्या खिशाला ते कुठले परवडणार! आम्ही कमरेपर्यंत गडद निळा रंग दिला, वर पांढरा. खण आणि जुन्या इरकलींचे अभ्रे शिवले. माळ्यावरची पितळी परात घासूनपुसून टेबलावर आली. आमचे हे म्हणाले, "हे मोरोक्को की सातारा?"

गंमत म्हणजे मोरोक्कोचे आपल्या या गावाशी जुने नाते आहे. १८३० च्या सुमारापासून फेझचे व्यापारी सुती कापडासाठी इथे येऊन राहिले, आणि त्यांची वस्ती १९३० च्या दशकापर्यंत टिकली. आपल्या पणजोबांच्या मुंबईत उतरत होते तेच हे मँचेस्टरचे कापड. चहादाण्याही इथून तिकडे जात. तिकडचा पुदिन्याचा चहा आपण फार प्राचीन समजतो, पण हिरवी चहापत्ती तिथे घरोघरी पोचली ती १८५० च्या दशकात, क्रिमियाच्या युद्धामुळे इंग्रज व्यापाऱ्यांनी माल तिकडे वळवला तेव्हापासून.

आता कोपऱ्यातली, रेडिएटरजवळची जागा सासूबाईंची. सोफा विकला, दार दिवसभर उघडे असते. पुदिन्याचा चहा त्यांना एकदा दिला. "काढा बरा झालाय," म्हणाल्या, "आता चहा टाक." चौकटींची मापे कुणाला हवी असतील तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला विचारा, कागद पर्समध्येच असतो.