मशीनच्या पोटावर रंगवलेला नंबर

आईचं शिलाई मशीन आडवं केलं, तेव्हा त्याच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला मोबाइल नंबर दिसला. आकडे तिरके, शेवटचा आकडा बिजागरीखाली अर्धा गेलेला. शेजारी दोनच शब्द : मामा, रिपेअर. ना आडनाव, ना पत्ता. फोन लावला तर पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "खाली गुंता होतोय का टाका सुटतोय?" मी कोण, कुठून बोलते, ही चौकशी नंतर.

मी सांगलीत घरी बसून वेबसाइट्स करते. गिऱ्हाइकं बहुतेक एकटे धंदेवाले : कुणी केटरिंग करतं, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी घरगुती मसाले विकतं. त्यामुळे मशीन पिशवीत घालून गावभागातल्या त्या दुकानात गेले, तेव्हा खरं सांगायचं तर दोन कामं डोक्यात होती. मशीन दुरुस्त करून घ्यायचं आणि मामांच्या गळ्यात एक वेबसाइट बांधायची.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. एका भिंतीला काळ्या मशीनांची रांग, प्रत्येकाच्या मानेला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसतं, तक्रार असते. "जड चालते." "उलटा टाका." "आवाज." मी म्हटलं, मामा, नाव लिहीत नाही? "नाव कशाला? मशीन बघितलं की माणूस आठवतोय की." माझी वेबसाइटची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली, हातातलं शटल रॉकेलच्या वाटीत सोडलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही चार दिवस इथं बसा. कोण कसं येतंय ते बघा. मग सांगा काय लागतंय ते."

चार दिवस नाही, पण तीन सकाळी मी खरंच बसले. जूनचा पहिला आठवडा होता, शाळेच्या गणवेशांचा हंगाम, त्यामुळे फोन थांबत नव्हता. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे मी "कसा आला" एवढंच लिहीत गेले. जुनं गिऱ्हाईक. जुन्या गिऱ्हाइकाची जाऊ. पिको-फॉलवालीने पाठवलं. धाग्याच्या दुकानदाराने पाठवलं. मशीनवरचा नंबर बघून. मशीनवरचा नंबर बघून, पण मशीन सेकंडहँड घेतलेलं, म्हणजे गिऱ्हाईक नवं आणि मशीन जुनं. ही शेवटची जात मला फार आवडली. मशीन हात बदलतं आणि जाताना मेकॅनिकला सोबत घेऊन जातं.

मग माझ्या लक्षात आलं, की हा माणूस जाहिरात करतच नाही असं नाही. काम संपलं की मशीन उताणं करायचं, जुना नंबर पुसट झाला असेल तर बारीक ब्रशने गिरवायचा, वाळेपर्यंत चहा घ्यायचा. स्टिकर का लावत नाही? "तेलानं सुटतोय." आणि नंबर? पूर्वी शून्य-दोन-तेहेतीसवाला घरचा फोन होता. मोबाइल आला तेव्हा ओळखीच्या घरोघर जाऊन आधी नंबर रंगवून आले, काम असो-नसो. पुढे २०११ साली नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली, तेव्हा कंपनी बदलली. नंबर आजवर तोच.

फोनवर ते जे करतात, ते पाहून मी जरा हबकलेच. बाई म्हणते, खालून धाग्याचा गुंता येतोय, बॉबिन केस खराब झाली वाटतं. मामा म्हणतात, बॉबिनला हात लावू नका, वरचा धागा काढून पुन्हा ओवा, ओवताना पाय वर ठेवा. गुंता दिसतो खाली, पण दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्याच्या ताणात असतो. दाबाचा पाय खाली ठेवून धागा ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतच नाही. दुसरी म्हणते, टाका सुटतोय. "सुई कधी बदलली? नवी घाला. सपाट बाजू पहिलीची होती तिकडंच ठेवा." मिनिटभर शांतता. मग पलीकडून खडखड आवाज आणि "चाललं, मामा!" फोन बंद. मिळकत शून्य. त्या तीन सकाळी असे फोन मी मोजायचं सोडून दिलं.

इथं माझ्यातली वेबसाइटवाली जागी झाली. म्हटलं, हे सगळं एका पानावर लिहून ठेवूया ना. गुंता झाला तर हे करा, टाका सुटला तर ते करा. फोटो टाकू. तुमचा वेळ वाचेल. मामांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि मग ते मला फोन कशाला करतील? सुई बदला म्हणून सांगितलेली बाईच पुढच्या वर्षी शटल घासलं की माझ्याकडं येतीय. तिनं माझा आवाज ऐकलाय." या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

महापुराचा विषय त्यांनी काढला नाही, मीच काढला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं आणि गावभाग पाण्यात होता. मामा तेव्हा विश्रामबागला मेहुण्याकडे. दुकानातल्या फळ्या छतापर्यंत ओल्या. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर लिहिलेली जाड वही तिथंच राहिली. पाणी उतरल्यावर ती सापडली, पण पानं उलगडेनात. तिची एक चौकोनी वीट झाली होती. वीस वर्षांची गिऱ्हाइकं त्या विटेत.

पण घराघरात चिखल काढताना लोकांनी मशीनही बाहेर काढलं, धुवायला उताणं केलं आणि पोटावरचा ऑइलपेंट पुरात गेलेला नव्हता. फोन सुरू झाले. "एका दिवसात इतकी मशीनं, की मी मेहुण्याच्या पार्किंगमध्ये बसलो," मामा सांगत होते. मशीनच्या फळ्या फुगून वाकड्या झालेल्या, त्यांना सुताराकडे धाडायचं. लोखंडी स्टँडला गंज. आतला चिखल वाळून सिमेंट व्हायच्या आत प्रत्येक मशीन खोलायचं, सुटे भाग डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवायचे, चाक हाताने हलेपर्यंत तेल पाजत राहायचं. घाईने चालवून बघायचं नाही, कारण एक खडा आत राहिला तरी शटल चिरतं. शिवणावर घर चालवणाऱ्या बायका रोज येऊन डब्यात डोकावायच्या. पैसे? त्यावर मामा काही बोलले नाहीत. सुईच्या डबीशी खेळत राहिले.

ती वही फोनमध्ये असती तर, असं मी म्हटलं. ते आता त्यांनी केलंय. प्रत्येक गिऱ्हाईक "मशीन कुपवाड जड", "मशीन हरिपूर पिको" अशा नावांनी साठवलेलं, आणि दुकान बंद असलं की व्हॉट्सॲपच्या स्टेटसला पाटी : आज गावाला. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर वेबसाइटची निम्मी कामं या माणसाने फुकटात उरकली आहेत.

आता माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट सांगते, ती कुणी वेबसाइटवाला सहसा सांगत नाही. वेबसाइट करणं स्वस्त झालंय. डोमेनचं नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास, वर होस्टिंगचं भाडं, वर माझी मजुरी. महाग पडतं ते तिला जिवंत ठेवणं. दर बदलतात, पण पानावर तीन वर्षांपूर्वीचेच राहतात. नूतनीकरणाची आठवण ज्या ईमेलवर जाते, तो ईमेल भाच्याने काढून दिलेला असतो आणि भाचा आता बंगळुरूला. एका पोळी-भाजी केंद्रवाल्या ताईंना मी एका मोठ्या कंपनीने फुकट दिलेलं पान जोडून दिलं होतं. त्यांनी मोठ्या हौसेने तो पत्ता डब्यांच्या झाकणांवर छापून घेतला. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ती फुकट पानंच बंद केली. झाकणं संपेपर्यंत ताई तो पत्ता मार्करने खोडत होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

तरी वेबसाइट कुणालाच नको, असं नाही. सांगलीहून मिरज अवघ्या काही किलोमीटरवर, पण तिथल्या सतारमेकर गल्लीत हाच प्रश्न पूर्ण उलटा होतो. तिथल्या कारागिरांचं मूळ शिकलगार घराण्यांत, म्हणजे शस्त्रं घडवणाऱ्यांत. एकोणिसाव्या शतकात ते हात वाद्यांकडे वळले, त्याला फरीदसाहेबांपासूनची परंपरा मानतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी जिथे काम केलं तो कारागीर एकटाच, हाताखाली फक्त पुतण्या. मंगळवेढा-पंढरपूर भागातून आलेले वाळलेले भोपळे माळ्यावर टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. त्याच्या शेजाऱ्यांपैकी कुणीही त्याच्याकडून सतार घेत नाही. घेतात पुण्याचे, कोलकात्याचे, आणि रात्री अकराला परदेशातून फोन करणारे.

हे गिऱ्हाईक अनोळखी असतं, लांबचं असतं आणि पैसे आधी पाठवणार असतं. गुरूने किंवा मित्राने नाव सांगितलेलं असतंच, पण ते नाव टाकून गिऱ्हाईक इंटरनेटवर शोधतं. शोधून काहीच सापडलं नाही तर त्याला शंका येते. मग त्याचे प्रश्न : पुरुषाच्या पट्टीचा तंबोरा आणि बाईच्या पट्टीचा यांची लांबी किती, डावखुऱ्यासाठी सतार करता का, विमानात भोपळा फुटू नये म्हणून पेटीत काय भरता, किती महिने लागतील. हे प्रश्न दर वेळी तेच, आणि विचारणारे दर वेळी नवे. इथं पान लागतं. आम्ही ते केलं, मराठी आणि इंग्रजीत, पेटी भरतानाच्या फोटोंसह. त्या कारागिराच्या, म्हणजे भाईंच्या, रात्रीच्या झोपेत फरक पडला, हे त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

जवारीचं, म्हणजे तारेच्या गुंजत्या नादाचं, मात्र पानावर काही करता आलं नाही. घोडीचा माथा कानसीने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं, तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती बोलेपर्यंत. आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं. भाईंनी ते इअरफोनवर ऐकलं आणि चेहरा पाडला. "तंबोरा खोलीत भरतो. हा तर डबीत भरलाय." तरी पानावर तेच ठेवलंय, दुसरा उपायच नव्हता. बरेच जण शेवटी स्वतः येतात, मांडीवर घेऊन वाजवतात. पानाने फक्त त्यांना मिरजेच्या स्टेशनपर्यंत आणलेलं असतं.

जाता जाता वकिलांचं सांगते. त्यांना जाहिरात करायला मनाई आहे, पण २००८ पासून बार कौन्सिलच्या नियमात नाव, संपर्क, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकी माहिती वेबसाइटवर देण्याची मुभा आहे. त्यामुळे एकट्या वकिलाची वेबसाइट अगदी नीरस असते, आणि ती तशीच असायला हवी.

मामांकडे परत. तिसऱ्या सकाळी वालचंद कॉलेजच्या बाजूला नव्याने राहायला आलेली एक मुलगी चिडून आली. मोबाइलच्या नकाशावर शोधत ती दोन गल्ल्या पलीकडच्या बंद शटरपाशी अर्धा तास उभी होती. नकाशावर कुणीतरी मामांचं दुकान कधीच टाकून ठेवलं होतं, चुकीच्या जागी, चुकीच्या नंबरासह. आपल्या नावाने आपण नसलेली पाटी लागलीय, हे मामांना पहिल्यांदा कळलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हंगाम नसतानाच्या महिन्यांत नवी माणसं का येत नाहीत, याचा निदान एक धागा तरी हाताला लागला.

म्हणून वेबसाइट बाजूला ठेवून आम्ही ती खूण दुरुस्त केली. दुकान आपलंच आहे हे पटवायला पूर्वी टपालाने आकड्यांचं कार्ड यायचं, आता बहुतेकदा व्हिडिओ मागतात, मध्ये न तोडता. मी मोबाइल धरला. मामांनी रस्त्याची पाटी दाखवली, मग कुलूप काढलं, शटर वर केलं, दिवा लावला, मशीनांच्या रांगेवरून हात फिरवला आणि शेवटी, मी सांगितलेलं नसताना, एक मशीन उताणं करून पोटावरचा नंबर कॅमेऱ्यापुढे धरला. दुकानाच्या मालकीचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. काही दिवसांनी मंजुरी आली. वेळ, फोटो, नंबर, एवढंच भरलं. माझी फी त्यांनी विचारली. मी आईच्या मशीनच्या दुरुस्तीत वळती करून घेतली.

महिन्याभराने त्यांचा फोन आला, आवाज तापलेला. "ताई, त्या नकाशावर माझ्याबद्दल कुणीतरी लिहिलंय म्हणे. पोरानं वाचून दाखवलं. पुसता येतंय का बघा." मी घाबरत उघडलं. पाच तारे होते. खाली एका अनोळखी बाईने लिहिलं होतं : फोनवरच सुई बदलायला सांगितली, मशीन चालू झालं, पैसेही घेतले नाहीत.

"आता समद्या गावाला कळलं की," मामा म्हणाले. मागे कुठेतरी दुसरा फोन वाजत होता.