दादीजान सहलीला येतील का?

मुलांनो, सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कुठे जायचे, काय पाहायचे, डब्यात काय न्यायचे, यावर चर्चा रंगते. अशा वेळी दादीजान हळूच म्हणतात, "तुम्ही जाऊन या. माझे गुडघे आता कुठे साथ देतात?" मग आपण त्यांच्यासाठी काहीतरी आणण्याचे कबूल करतो आणि निघतो. पण दोष खरोखर त्यांच्या गुडघ्यांचा असतो का? की आपली पर्यटनस्थळे फक्त तरुण पायांसाठीच तयार केलेली असतात? माथेरानच्या उदाहरणावरून आपण याचा विचार करू या.

माथेरान हे रायगड जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान! या गावाचे एक वैशिष्ट्य आहे. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे मोटारींना बंदी आहे. त्यामुळे तेथे धूर नाही, भोंग्यांचा गोंगाट नाही. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला.

स्वच्छ हवा आणि शांतता वृद्धांना फार आवडते. पण दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर अंतर आहे. लाल मातीची वाट, मध्येच चढ, मध्येच उतार. हे अंतर दादीजान कशा चालणार?

यावर एक जुना उपाय आहे, तो म्हणजे छोटी रेल्वेगाडी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभाई यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान असा सुमारे २१ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. १९०७ साली त्यावरून गाडी धावू लागली. डोंगर फारसा न फोडता, वळणे घेत ही गाडी वर चढते. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते.

दुसरे साधन होते हातरिक्षा. वृद्ध माणूस आत बसे आणि माणसेच ती रिक्षा ओढत. बसणाऱ्याला आराम मिळे, पण ओढणाऱ्याला चढावर धाप लागे. कितीतरी वृद्धांना त्या रिक्षात बसताना संकोच वाटे. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याने जनावरासारखे राबावे, हे योग्य आहे का? २०२२ साली तेथे विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांचा रोजगार बुडू नये म्हणून त्यांनाच ई-रिक्षा द्याव्यात, असेही न्यायालयाने सांगितले. ई-रिक्षा धूर सोडत नाही आणि माणसाला बैल बनवत नाही.

तुम्ही म्हणाल, "मग सगळीकडे पक्के रस्ते करून मोटारीच का सोडू नयेत?" तसे केले तर मुरणारे पाणी वाहून जाईल, झाडे तुटतील, धूर वाढेल. ज्या हवेसाठी लोक येतात ती हवाच उरणार नाही. म्हणून सोय करावी, पण बेताने करावी.

वृद्धांच्या गरजा फार मोठ्या नसतात. थोड्या थोड्या अंतरावर सावलीत बाक हवा. पायऱ्या कमी उंचीच्या आणि कडेला धरायला कठडा हवा. स्वच्छतागृह जवळ आणि कोरडे हवे. पाट्यांवरची अक्षरे मोठी हवीत, आणि ठिकाण किती दूर आहे, चढ किती आहे, हेही त्यांवर लिहिलेले हवे. प्यायचे पाणी आणि जवळपास डॉक्टर हवा. या सोयींसाठी डोंगर फोडावा लागत नाही. शिवाय त्या गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि अपंग व्यक्ती यांनाही उपयोगी पडतात.

वृद्ध पाहुण्यांमुळे गावाचाही फायदा होतो. तुमची शाळा असते, अब्बांना कामावर जायचे असते. म्हणून सगळे कुटुंब सुट्टीतच निघते आणि एकच गर्दी उडते. पाणी अपुरे पडते, कचरा साचतो. निवृत्त माणसांना मात्र फुरसत असते. ती गर्दी नसलेल्या दिवसांत येऊ शकतात, चार दिवस निवांत राहू शकतात. त्यामुळे दुकानदारांना आणि मजुरांना एरवीही काम मिळते आणि डोंगरावर एकदम भार पडत नाही.

मुलांनो, पुढच्या सहलीत एक काम करा. वाटेवर किती बाक आहेत, पायऱ्यांना कठडा आहे का, हे पाहा आणि वहीत लिहून आणा. घरी आल्यावर दादीजानना मिठाई जरूर द्या, पण त्याबरोबर हेही सांगा, "दादीजान, पुढच्या वेळी तुम्हीही चला. आम्ही वाट पाहून आलो आहोत."

स्वाध्याय
१. माथेरानची हवा स्वच्छ का आहे?
२. हातरिक्षा बंद करण्याचा आदेश का योग्य वाटतो? तुमच्या शब्दांत लिहा.
३. वृद्ध पर्यटकांमुळे गावाला कोणते फायदे होतात?
४. वाक्यात उपयोग करा : साथ देणे, धाप लागणे, संकोच वाटणे.
५. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या ठिकाणी वृद्धांसाठी कोणत्या सोयी हव्यात, ते पाच वाक्यांत लिहा.