उलट्या वेगाचे शास्त्र

निन्टेन्डोने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सुपर मारिओ ६४’ या व्हिडिओ गेममधील राजवाड्यात एक जिना आहे, आणि ज्याच्यापाशी खेळात गोळा केलेले ७० तारे नाहीत असा खेळाडू तो कितीही काळ चढत राहिला तरी जिना संपू नये, अशी तजवीज निर्मात्यांनी करून ठेवलेली आहे. तथापि जलद खेळण्याची साधना करणारे हाच जिना एकाही ताऱ्यावाचून क्षणार्धात ओलांडतात, तेही पाठमोरे. या विद्येला ते ‘बॅकवर्ड्‌स लाँग जंप’ किंवा थोडक्यात ‘बीएलजे’ म्हणतात.

पायऱ्यांकडे पाठ करून धावता धावता झेड आणि ए ही बटणे दाबून लांब उडी घ्यावयाची, मारिओ हवेत असतानाच स्टिक पायऱ्यांच्या दिशेने ओढून त्याला उलट सरकावयास लावावयाचे, आणि त्याचे पाय टेकताच, झेड न सोडता, ए पुनःपुन्हा दाबीत राहावयाचे, अशी तिची रीत आहे. सराव करीत असता मला असे आढळले की, येथे डोळ्यांपेक्षा कानांचाच भरवसा अधिक धरावा. कारण मारिओची ‘याहू’ ही आरोळी पुरती ऐकू आली तर अंगठा रेंगाळला असे समजावे, आणि तिचा पहिला स्वरच तुटत तुटत एकामागून एक उमटू लागला तर लय साधली असे जाणावे.

या चमत्काराचे मूळ एका साध्या गणितात आहे. प्रत्येक लांब उडीच्या आरंभी मारिओचा वेग दीडपट होतो. पुढे जाणाऱ्या वेगाला ४८ ही कमाल मर्यादा घातलेली आहे, परंतु मागे जाणाऱ्या, म्हणजे उणे वेगाला तशी कोणतीच मर्यादा नाही, जणू वेशीवर चौकी बसवावी आणि मागच्या दिंडीचा बंदोबस्त करावयाचा राहून जावा. सपाट भूमीवर उडी लांबते आणि हवेत उलटा वेग ओसरतो; पायऱ्यांवर मात्र पाय तत्काळ टेकत असल्यामुळे त्या ऱ्हासास फारसा अवसर मिळत नाही, आणि ती किरकोळ घट वगळली तर दहा उड्यांत वेग सुमारे ५८ पट होतो. खेळ प्रत्येक फ्रेममधील वाटचाल चार भागांत विभागून केवळ त्या चार ठिकाणीच भिंत व जमीन तपासतो. म्हणून पाऊल पुरेसे मोठे झाले की मधला अडसर तपासणीत येतच नाही.

१९९७ साली जपानमध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत, उडीनंतर जमिनीला टेकताच उणे वेग शून्य व्हावा, असा नियम घालून ही वाट बंद करण्यात आली, आणि निन्टेन्डोने २०२० साली काढलेल्या मारिओ खेळांच्या संग्रहातही तीच आवृत्ती घेतल्यामुळे तेथे या विद्येस मज्जाव आहे. जाणकार शर्यतपटू जुनी आवृत्ती मुद्दाम जतन करतात, ते याचसाठी. काहींना ही लबाडी वाटते. मला ते मान्य नाही. निर्मात्याने घातलेला प्रत्येक नियम कोठवर चालतो आणि नेमका कोठे थांबतो, हे बोटांच्या टोकापर्यंत उतरेतोवर जो अभ्यासतो, त्याच्याइतका त्या कृतीचा आदर दुसरा कोणी करीत असेल, असे मला वाटत नाही.