पाडणे वेगळे, संपवणे वेगळे

बॉक्सिंगमध्ये ठोशाची ताकद आणि लढत संपवण्याची हातोटी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जोरदार ठोसा पायातून उगम पावतो. कंबर आणि खांदा फिरल्यावर तो मुठीपर्यंत पोहोचतो. डोके झटक्याने वळले, की मेंदू आत हादरतो आणि माणूस कोसळतो. ही ताकद बऱ्याच अंशी जन्मजात असते, असे जाणकार मानतात. संपवण्याची हातोटी मात्र कमवावी लागते.

अमेरिकेचा अर्नी शेव्हर्स हा हेवीवेट गटातील सर्वांत जबर ठोशाच्या बॉक्सरांपैकी एक. साठाहून अधिक लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या. तरीही १९७७ मध्ये न्यूयॉर्कला महंमद अलीविरुद्ध दुसऱ्याच फेरीत त्याचा उजवा ठोसा बसला, तेव्हा हातची संधी गेली. हादरलेल्या अलीने डगमगण्याचे नाटक केले, शेव्हर्सला तो सापळा वाटला आणि तो थबकला. अली १५ फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. १९७९ मध्ये लास वेगासला तेच घडले. सातव्या फेरीत लॅरी होम्स आडवा झाला, पण उठला; दमलेल्या शेव्हर्सला त्याने अकराव्या फेरीत हरवले.

घायाळ प्रतिस्पर्धी हाच खरा पेच असतो. तो मिठी मारतो, दोरांना टेकून सावरतो, मागे सरकत वेळ काढतो. अशा वेळी एकाच मोठ्या ठोशाच्या मागे लागणारा बॉक्सर हवेत हात फिरवून स्वतःच थकतो. कसलेला बॉक्सर घाई करत नाही. तो पळण्याची वाट अडवतो, आखूड ठोसे मारतो आणि प्रतिस्पर्ध्याचे बचावाचे हात डोक्याकडे गेले की बरगड्यांवर उतरतो.

हेवीवेट विश्वविजेत्या जो लुईने २२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियमवर हे दाखवून दिले. दोन वर्षांपूर्वी त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट करणारा जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग समोर होता. लुईने त्याला दोरांवर दाबून डोके आणि अंग, दोन्हींवर मारा केला. मधे श्वास घ्यायलाही फट ठेवली नाही. पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे चार सेकंदांत लढत संपली. लुईच्या ठोशातही भरपूर ताकद होती, पण त्याला मोठा ठरवले ते पहिल्या ठोशानंतरच्या नेमकेपणाने.

शेव्हर्स कधीच विश्वविजेता झाला नाही. लुईने १९३७ ते १९४९ या काळात किताब सलग २५ वेळा राखला.