कुंडलिकेकाठची माळवदे

जालन्याच्या जुन्या वस्तीत जमिनीचे मोल जसजसे चढत गेले, तसतसे तिच्यावर उभ्या असलेल्या घराचे मोल उतरत गेले, आणि ह्या विपरीत व्यवहारातच तेथील वाड्यांच्या नाशाचे मूळ आहे. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर जुना जालना आणि कादराबाद ह्या दोन वस्त्या वसल्या. जमशेदखानाचा मोती तलाव, निजाम-उल्-मुल्काच्या हुकुमावरून १७२५ साली काबिलखानाने बांधलेला मस्तगड, ह्यांची दखल इतिहासाने घेतली. परंतु ज्या घरांतून व्यापारी, कारागीर आणि वतनदार पिढ्यान् पिढ्या नांदले, त्यांची साक्ष जीर्ण खरेदीखतांपलीकडे कोठे उरली नाही.

मराठवाड्यातील हे घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया आणि वर माळवद. उन्हाळ्यात ते जितका गारवा देते, तितकीच सेवा मागते; दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकून, चोपून ते बुजवले नाही, तर पाणी तुळईत मुरते आणि एके दिवशी छत खाली येते. ही सेवा कशाने थांबली? १९५४ च्या हैदराबाद भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला उचित भाड्याचे संरक्षण दिले आणि गरीब कुटुंबांना आधार लाभला, ह्याबद्दल त्या कायद्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण दुरुस्तीचा खर्च वाढत असता भाडे मात्र जागच्या जागी राहिले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, म्हणजे दरमहा १०० रुपये भाड्यावर पहिल्या वर्षी ४ रुपये! एवढ्यात माळवदावरची माती देखील येत नाही. भरीस भर म्हणून हिस्सेदार वाढले, आणि सर्वांच्या सह्या मिळेपर्यंत भिंत थांबत नाही.

दरम्यान नगर बदलले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याचे ठिकाण झाले. बियाणे आणि लोखंड ह्या उद्योगांनी दूरदूरची माणसे आणली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. अशा नगरात मध्यवस्तीतील मिळकतीकडे खरेदीदाराची दृष्टी वळते ती केवळ मोकळ्या भूखंडासाठी. सरकारी मूल्यांकन तरी निराळे काय सांगते? इमारतीचे वय वाढले की घसारा वाढतो. सागवान उतरवून विकले जाते, जागी सिमेंटचे मजले चढतात, आणि जुन्या भाडेकरूला त्याच गल्लीत नवे घर परवडत नाही. तो गावाबाहेर जातो. ह्यात मालकाला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल, कारण पडके घर राखण्याचा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकून समाज मोकळा झाला आहे.

१९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. महानगरपालिकेने उरलेल्या वाड्यांची गल्लीवार यादी करावी, दुरुस्ती करणाऱ्या मालकाला घरपट्टीत सूट द्यावी, आणि पुनर्बांधणी होईल तेथे भाडेकरूचा हक्क कागदावर पक्का झाल्याखेरीज परवाना देऊ नये, एवढीच जालनेकरांच्या वतीने विनंती आहे.